बागेतल्या शेडमध्ये मॉडेल रेल्वे: आधी खोली, मग बोर्ड, शेवटी रूळ

शेडमध्ये मॉडेल रेल्वे मांडणाऱ्यांची एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सुरुवातीचे काही आठवडे गाडी झकास धावते. मग ऋतू पालटतो आणि ठरावीक वळणावर डबे रुळावरून उतरायला लागतात, इंजिन अडखळतं, सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) अर्ध्यातच अडकतात. माणूस रूळ घासतो, चाकं पुसतो, इंजिन उघडून तेल घालतो. पण दोष तिथे नसतोच. तो भिंतीत, छपरात आणि कामाच्या क्रमात असतो.

माझा पहिला लेआउट, म्हणजे मांडलेली अख्खी रेल्वे, असाच गेला. थंडीच्या दिवसांत रूळ टोकाला टोक भिडवून, जराही फट न ठेवता बसवले होते. दिसायला ते फार सुबक होते. पुढे उन्हाळ्यातल्या एका दुपारी दार उघडलं, तर मागच्या भिंतीलगतचा सरळ मार्ग सापासारखा वळलेला. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बोर्डापासून, म्हणजे रूळ ज्यावर बसवतात त्या प्लायच्या टेबलापासून, सुटून वर आले होते आणि त्यांच्याखाली करंगळी सहज जात होती. खडी चिकटवून झालेली असल्यामुळे रूळ वाचले नाहीत. अख्खा मार्ग खरवडून काढावा लागला.

घरातल्या खोलीत तापमान आणि दमटपणा सावकाश बदलतो. शेडमध्ये सकाळी भिंतीला दव आणि दुपारी छपराखाली भट्टी, अशी एकाच दिवसात उलथापालथ होते. नुकसान करतो तो हा रोजचा चढउतार. म्हणून शेडची आधी खोली करायची, त्या खोलीतली हवा स्थिरावली की बोर्ड उभे करायचे, आणि रुळाला हात त्यानंतर लावायचा. खालचा क्रम बदलू नका. तो बदलला की झालेलं काम उखडावं लागतं.

खालची मापं एचओ आणि ओओ, म्हणजे १६.५ मिमी रुळांच्या प्रमाणांसाठी आहेत. एन प्रमाणाचे ९ मिमीचे रूळ वापरत असाल तर वळणांची त्रिज्या आणि मार्गावरून मार्ग नेण्याची उंची साधारण निम्मी धरा. शेडच्या कामात मात्र काहीच फरक पडत नाही.

## टप्पा १: काहीही विकत घेण्याआधी मोजा

कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारे दोन तापमान-आर्द्रता मापक आणा. एक जमिनीलगत, एक छपराखाली ठेवा. तीन-चार आठवडे रोज सकाळी आणि दुपारी आकडे वहीत लिहा. वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत हे केलंत तर उत्तमच.

दमटपणा ४० ते ६० टक्क्यांमध्ये राहत असेल तर शेड चांगली आहे. दिवसेंदिवस ७० च्या वर राहत असेल तर बुरशी येणार आणि लाकूड फुगणार हे धरून चाला. आणखी एक हिशोब ध्यानात ठेवा: २० अंश सेल्सिअस तापमानाची, ६० टक्के दमट हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिथे पाणी धरतं. रात्री पत्र्याचं छप्पर किंवा काच एवढी सहज गार होते. सकाळी छपरातून थेंब पडताना पाहून बरेच जण गळती शोधत बसतात. ते पाणी आत असलेल्या हवेतलंच असतं.

याच वेळी शेडची आतली मापं घ्या, आणि भिंतीला आतून अस्तर लागल्यावर उरतील ती मापं कागदावर लिहा. बाहेरून २४०० मिमी रुंद दिसणाऱ्या लाकडी शेडमध्ये १२ मिमीची फळी, ४५ मिमीचे उभे खांब आणि ९ मिमीचं प्लाय दोन्ही बाजूंनी वजा केलं की हाती उरतात जेमतेम २२७० मिमी. बाहेरच्या मापावर आराखडा काढला की शेवटचं वळण नेमकं भिंतीत जातं.

इशारा: शेड नवी उभारणार असाल तर उंची, हद्दीपासूनचं अंतर आणि वीजजोडणी यांचे स्थानिक नियम आधी पाहा. रेल्वे मांडून झाल्यावर शेड सरकवता येत नाही.

## टप्पा २: पाया, जमीन आणि पाणी

शेड समपातळीत नसेल तर आतलं काहीच समपातळीत राहणार नाही. लांब सरळ पट्टीवर पाणसळ ठेवून चारही कोपरे आणि दोन्ही कर्ण तपासा. कर्णांची लांबी सारखी नसेल तर शेड तिरकी झाली आहे, आणि दार अडकण्याचं कारणही बहुधा तेच असतं.

लाकडी जमिनीखालून हवा खेळली पाहिजे. शेड थेट मातीवर टेकली असेल तर ती उचलून विटांच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्या. पानं-माती साचून भिंतीच्या तळापर्यंत चढली असेल तर उपसून काढा. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच शिरतात. छपराला पन्हळ नसेल तर लावा आणि तिचं पाणी शेडपासून लांब सोडा. पन्हळीवाचून पडणारं पाणी जमिनीवरून उडून भिंतीचा खालचा हातभर भाग सतत ओला ठेवतं.

तपासणी १: पाण्याने काठोकाठ भरलेला पेला जमिनीवर एका कोपऱ्यात ठेवा आणि खोलीच्या मध्यभागी नेहमीसारखी पावलं टाका. पाणी थरथरलं तर हरकत नाही. सांडलं, तर जमिनीखाली आणखी आडवे वासे हवेत. अशा जमिनीवर उभा केलेला बोर्ड तुमच्या प्रत्येक पावलाला हलेल.

तपासणी २: भर दुपारी आत जा, दार लावा, खिडकी झाका आणि पाच मिनिटं अंधारात उभे राहा. डोळे सरावले की जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा. उजेड येतो तिथून धूळ येते, कोळी येतात, पाऊसही येतो. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू आत येऊ शकतं, म्हणून मोठ्या फटी नुसत्या सीलंटने भरू नका. त्यात आधी स्टीलवूल किंवा बारीक धातूची जाळी ठासा. उंदीर वायरचं आवरण कुरतडतो आणि स्पंजच्या खोट्या झाडांचं घरटं करतो.

त्यानंतर पाण्याचा पाइप लावून छपरावर आणि वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर अर्धा तास पाणी सोडा, आणि आत बसून पाहा. ही अर्ध्या तासाची बैठक टाळू नका.

## टप्पा ३: वीज, भिंती बंद होण्याआधी

शेडपर्यंतची वीज परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. जमिनीखालून जाणारी केबल आर्मर्ड हवी, अर्थिंग नीट हवं आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी हवी. खिडकीतून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर कायमची रेल्वे चालवू नका. ओली जमीन आणि सैल प्लग एकत्र आले की जीव जातो.

तुमचं काम आहे जागा ठरवणं. काही सॉकेट बोर्डाच्या उंचीच्या वर आणि काही बोर्डाखाली घ्या. दाराजवळ एकच मुख्य स्विच ठेवा, जो बंद केला की दिवा आणि दमटपणा काढणारं यंत्र सोडून बाकी सगळं बंद होईल. सोल्डरिंग गन चालू राहिली तर घरात वास येतो. शेडमध्ये ते कुणालाही कळत नाही. स्मोक अलार्म आणि विजेमुळे लागलेल्या आगीवर चालणारं अग्निशामक दाराशीच ठेवा.

दिवे एलईडीचे, ४००० ते ५००० केल्विनचे, एका ओळीत आणि बोर्डाच्या पुढच्या कडेच्या वर बसवा. खोलीच्या मधोमध एकच दिवा लावला तर तुम्ही बोर्डावर वाकताच तुमचीच सावली कामावर पडते.

इशारा: पीव्हीसी आवरणाची वायर थर्माकोलला चिकटून जाऊ देऊ नका. आवरण मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोल ओढून घेतो, थर्माकोल विरघळतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. वायर पाइपातून न्या. भिंतीतली वायरसुद्धा आणि लेआउटवर थर्माकोलचा डोंगर करणार असाल तर त्यातली वायरसुद्धा.

## टप्पा ४: इन्सुलेशन

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या झाकल्या गेल्यामुळे वर्षभर दिसतही नाहीत.

छपरापासून सुरुवात करा. ऊन तिथूनच आत येतं आणि उष्णता तिथूनच बाहेर जाते. मग भिंती, मग जमीन. फक्त भिंती करून छप्पर तसंच सोडणं म्हणजे गार दिवशी टोपी न घालता तीन स्वेटर चढवणं.

लाकडी भिंतीत बाहेरून आत येताना थर असे असावेत: बाहेरची फळी, तिच्यामागे सुमारे २५ मिमीची मोकळी हवा, मग इन्सुलेशन, मग बाष्परोधक प्लास्टिक, मग आतलं प्लाय किंवा जिप्सम बोर्ड. ती २५ मिमीची पोकळी वाया गेलेली जागा समजून कित्येक जण तिथेही फोम कोंबतात. मग फळीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याला वाळायला वाट राहत नाही आणि फळी आतून कुजते. बाहेरून रंग ताजा दिसतो, पण स्क्रूड्रायव्हर दाबला की टोक आत घुसतं.

बाष्परोधक थर कोणत्या बाजूला? वर्षातला जास्त काळ ज्या बाजूची हवा उबदार आणि दमट असते, त्या बाजूला. शेड आतून गरम करावी लागत असेल तर तो आतल्या अंगाला येतो. दमट उष्ण हवामानात शेड एसीने गार करत असाल तर उलट: दमट हवा बाहेर असते, म्हणून थर बाहेरच्या अंगाला. दोन्ही बाजूंना प्लास्टिक लावू नका. मधे अडकलेल्या ओलीला मग बाहेर पडता येत नाही. प्लास्टिकचे जोड टेपने बंद करा, स्विचबोर्डाच्या कडासुद्धा.

पत्र्याच्या शेडमध्ये फोमची शीट पत्र्याला पूर्ण चिकटली पाहिजे आणि कडा सीलबंद झाल्या पाहिजेत. मधे पोकळी राहिली तर आतली दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोचते आणि फोममागे पाणी गळत राहतं.

फोम कोणताही असो, उघडा ठेवू नका. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आतलं अस्तर लावूनच पुढे जा. भिंतीला आताच फिकट आकाशी रंग द्या, कोपरे गोलसर करायचे असतील तर तेही आताच. बोर्ड लागल्यावर मागच्या भिंतीपर्यंत ब्रश पोचत नाही.

खिडकी एकच आणि छोटी पुरे. थेट ऊन रुळांवर आणि डब्यांवर पडलं तर रंग उडतो, प्लास्टिक वाकतं. जमिनीला पेंट किंवा विनाइल द्या. गालिचा नको, त्याचे धागे इंजिनाच्या दातेरी चक्रांत गुंडाळले जातात.

## टप्पा ५: हवा कोरडी करा आणि मग थांबा

रॉकेल किंवा गॅसचा हीटर शेडमध्ये आणू नका. एक लिटर रॉकेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडतं. गॅसचंही तसंच. म्हणजे ऊब मिळते आणि त्यासोबत बादलीभर ओल भिंतींवर बसते. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो तो वेगळाच. ऑइल भरलेला विजेचा रेडिएटर किंवा थर्मोस्टॅट असलेला पॅनेल हीटर वापरा.

दमटपणा काढणारी यंत्रं दोन प्रकारची. कॉम्प्रेसरवाली यंत्रं उबदार हवेत उत्तम काम करतात. साधारण १५ अंशांखाली त्यांचा जोर ओसरतो. शोषक चाक असलेली यंत्रं गार शेडमध्येही चालतात आणि थोडी ऊबही देतात. यंत्र ५५ टक्क्यांवर लावा आणि पाण्याची नळी थेट बाहेर काढा. टाकी भरली की यंत्र बंद पडतं, आणि टाकी नेमकी तुम्ही आठवडाभर फिरकत नाही तेव्हाच भरते.

यंत्र चालू असताना झरोके उघडे ठेवले तर तुम्ही बागेची हवा वाळवत बसाल. सोल्डर करताना किंवा रंग फवारताना मात्र दार आणि झरोका उघडा.

तपासणी: आता किमान तीन आठवडे बोर्ड आणू नका. पहिल्या टप्प्यातल्या वहीत पुढची पानं भरा. रोजचा चढउतार आधीच्या निम्म्यावर आला आणि दमटपणा ६० च्या आत राहिला की पुढे जा. नसेल तर कुठेतरी फट राहिली आहे, ती शोधा. बोर्डासाठी आणलेलं प्लाय याच काळात शेडमध्ये आडवं, मधे पट्ट्या घालून ठेवा. ते त्या हवेला सरावतं आणि नंतर वाकत नाही.

## टप्पा ६: आराखडा माणसापासून काढा

कागदावर सगळे जण रुळांपासून सुरुवात करतात. तुम्ही स्वतःपासून करा. उभं राहायला आणि वळायला किमान ६०० मिमीची वाट हवी, दोन माणसं असतील तर ७५०. हात वाकून ६०० ते ७०० मिमीपर्यंत नीट पोचतो. त्यापलीकडे उलटलेला डबा उचलताना कोपराने सिग्नल मोडतो. म्हणून भिंतीलगतचा बोर्ड ६०० मिमीहून रुंद करू नका. बोर्डाची उंची १००० ते १२०० मिमी ठेवा. गाडी डोळ्यांच्या जवळ येते आणि खाली वायरिंगला बसता येतं.

वळणाची त्रिज्या लपलेल्या भागात ४३८ मिमीहून कमी नको, समोरच्या भागात ६०० मिमी किंवा जास्त. लांब डबे तंग वळणावर आत-बाहेर डोकावतात आणि शेजारच्या गाडीला घासतात.

चढाचं गणित बहुतेकांचं चुकतं. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर रुळापासून रुळापर्यंत सुमारे ७५ मिमी उंची लागते. ४० ला १ या चढाने ७५ मिमी चढायला ३ मीटर लागतात, तितकेच उतरायला. चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू वळवायला आणखी जागा जाते. लहान शेडमध्ये अख्खी लांब भिंत एका पुलापायी खर्च होते. माझं मत स्पष्ट आहे: अडीच-तीन मीटरच्या शेडमध्ये मार्ग सपाट ठेवा. उंच-सखलपणा जमिनीत दाखवा. रूळ सपाट असले तरी खाली दरी खोदता येते.

दारासमोरून मार्ग जाणार असेल तर उचलता पूल लागेल. दार बाहेर उघडणारं असू द्या. पुलाला असा स्विच जोडा की पूल उचलताच दोन्ही बाजूंच्या निदान एका गाडीच्या लांबीएवढ्या रुळांची वीज तुटेल. तो नसेल तर एखादं इंजिन एक मीटरवरून जमिनीवर पडणार.

आराखडा झाला की खऱ्या मापाच्या कागदी पट्ट्या कापून शेडच्या जमिनीवर पसरा आणि त्यांच्यामधून चालून पाहा. इथे केलेली दुरुस्ती फुकट असते.

## टप्पा ७: बोर्ड

९ किंवा १२ मिमीचं चांगलं प्लाय वर, आणि त्याच प्लायच्या ८० ते १०० मिमी रुंद पट्ट्यांची चौकट खाली. आडव्या पट्ट्या ३०० ते ४०० मिमीवर. पार्टिकल बोर्ड घेऊ नका: ओल लागली की कडा पावासारख्या फुगतात आणि परत बसत नाहीत. अखंड लाकडाची रुंद फळीही नको, कारण लाकूड धाग्याला आडवं बरंच फुगतं-आकसतं. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते बरंचसं जागच्या जागी राहतं.

एक बोर्ड १२०० बाय ६०० मिमीहून मोठा करू नका. कधीतरी तो उचलून बाहेर न्यावा लागतोच: शेड दुरुस्तीला, घर बदलताना. बोर्ड एकमेकांना एम८ बोल्टने जोडा आणि जागेवर आणण्यासाठी धातूच्या डॉवेल (जुळवणीच्या खुंट्या) बसवा. नुसता बोल्ट अचूक नसतो, कारण त्याच्या भोकात सैलपणा असतो.

पाय स्वतंत्र आणि खाली फिरवून उंची बदलता येईल असे. बोर्ड भिंतीला ठोकू नका. शेडची भिंत वाऱ्याने आणि उन्हाने हलते, तिच्यासोबत रूळ हलवण्याचं काही कारण नाही.

प्लायला चारी बाजूंनी, तळालाही, व्हार्निश किंवा प्रायमर द्या. फक्त वरून रंगवलेला बोर्ड खालून ओल पितो आणि वाटीसारखा वाकतो. कापलेल्या कडांना दोन हात द्या. वायरची भोकं पाडून झाल्यावर त्यांच्या आतूनही ब्रश फिरवा.

तपासणी: प्रत्येक बोर्डाच्या कर्णावर सरळ पट्टी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला तर रूळ लावण्याआधी पायाचे स्क्रू फिरवून पातळी आणा.

## टप्पा ८: रूळ

स्टीलचे रूळ शेडमध्ये गंजतात. निकेल सिल्व्हरचे घ्या.

आता फटींचं गणित, कारण माझा पहिला लेआउट यातच गेला. निकेल सिल्व्हर दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १७ दशलक्षांशाने वाढतो. ९१४ मिमीच्या एका फ्लेक्स (हवा तसा वाकवता येणाऱ्या) रुळाचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर तो जेमतेम अर्धा मिमी लांबतो. अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दोन्ही टोकं जखडलेली असतील तर ती लांबी बाजूला फुगून बाहेर पडते, आणि मधला भाग १२ मिमीपर्यंत सरकू शकतो. लांबीतल्या एवढ्याशा वाढीचा एवढा मोठा फुगवटा होतो, म्हणून डोळ्यांना न दिसणारी चूक पुढे गाडी उलटवते.

त्यामुळे रूळ बसवताना आधी तापमान पाहा. गार दिवशी बसवत असाल तर दर फ्लेक्स रुळामागे अर्धा ते पाऊण मिमी फट ठेवा. बँकेचं कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. ते दोन टोकांमध्ये धरून रूळ भिडवा आणि काढून घ्या. कडक उन्हाळ्यात बसवत असाल तर रूळ आधीच लांबलेले असतात, तेव्हा कागदाच्या जाडीची फट पुरे. उन्हाळ्यात मोठी फट ठेवलीत तर थंडीत ती आणखी रुंदावते आणि चाकं खडखडतात.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. आधी सांधे, कारण ते वाकत नाहीत आणि त्यांच्या जागा पक्क्या असतात. मग वळणं, शेवटी सरळ भाग. वळणावर दोन फ्लेक्स रूळ आधी सरळ ठेवून जोड सोल्डर करा आणि मग एकत्र वाकवा. वाकवून मग जोडले तर जोडावर कोन येतो आणि डबे तिथेच उतरतात. अशा जोडीच्या दोन्ही टोकांना मात्र फट मोकळी ठेवा, आणि लांबी दुप्पट झाल्यामुळे फटही दुप्पट. सांध्यांच्या टोकांना फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) कधीही सोल्डर करू नका.

खिळे ठोकताना स्लीपर दाबला जाऊ देऊ नका. खिळा फार आत गेला की स्लीपर मधे वाकतो आणि दोन रुळांमधलं अंतर कमी होतं. रूळ स्लीपरमध्ये मागेपुढे सरकायला मोकळा हवा. बोटाने ढकलून पाहा: तो किंचित सरकला पाहिजे.

बोर्डांच्या जोडावर रूळ कापा. टोकाखालचे शेवटचे प्लास्टिक स्लीपर काढून तिथे पितळी स्क्रू बसवा आणि त्यांवर रूळ सोल्डर करा, म्हणजे बोर्ड वेगळे करताना टोकं वाकणार नाहीत.

तपासणी: डोळा रुळाच्या पातळीला आणून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. वरून सरळ दिसणारा मार्ग या नजरेने खरा कसा आहे ते दिसतं. मग प्रत्येक जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर चाकही अडकणार. बारीक कानशीने कड मारा.

## टप्पा ९: वायरिंग

फिशप्लेटवर विजेसाठी विसंबू नका. शेडमध्ये ती काळवंडते आणि सैल पडते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, दोन्ही बाजूंना, स्वतःची फीडर वायर (मुख्य वायरमधून वीज आणणारी) द्या. ती बोर्डाच्या भोकातून सैल सोडा. ताणून बांधली तर रूळ सरकताना सोल्डर तुटतो.

बोर्डांखालून फिरणारी मुख्य वायर जाड हवी. १० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन २० मीटर, ०.२ चौमिमीच्या बारीक वायरमधून ३ अँपिअर नेले तर पाच व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात. १.५ चौमिमीच्या वायरमध्ये पाऊण व्होल्टही जात नाही. लांबच्या कोपऱ्यात इंजिन मंदावतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

दोन बाजूंना दोन रंग ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. दर फीडरनंतर थांबून मल्टिमीटरने दोन बाजू एकमेकींना लागल्या नाहीत ना, ते पाहा. चाळीस फीडर लावून मग शॉर्टसर्किट शोधणं म्हणजे चाळीस जागा उघडणं.

डीसीसी (प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे चालवणारी डिजिटल पद्धत) वापरत असाल तर प्रत्येक फीडरजवळ रुळांवर नाणं आडवं ठेवा. बूस्टरने (रुळांना वीज देणाऱ्या यंत्राने) तत्काळ वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तिथली वायर बारीक आहे किंवा सोल्डर कच्चा आहे, आणि खराखुरा शॉर्ट झाला तर तिथलं प्लास्टिक वितळेल.

## टप्पा १०: चालवा, आणि खडीला हात लावू नका

आता सर्वांत लांब डबा आणि सर्वांत कुरबुऱ्या इंजिन घ्या. सगळ्या मार्गांवरून आधी हळू, मग जोरात, मग मागे ढकलत चालवा. गाडी उतरली की त्या जागी कागदाचा तुकडा चिकटवून तारीख आणि त्या वेळचं तापमान लिहा. दुपारीच उतरते की सकाळीही, यावरून फटीचा दोष आहे की बोर्डाच्या पातळीचा, ते कळतं.

एक गार आणि एक गरम ऋतू जाऊ द्या. थांबणं कठीण जातं, मला माहीत आहे. उघडे रूळ अपुरे दिसतात. तोवर इमारती आणि झाडं घरात बसून करा.

मग खडी. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात, त्यात भांडी घासायच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. खडी आधी कोरडी पसरून ब्रशने सारखी करा, पाण्याचा बारीक फवारा मारा, मग ड्रॉपरने गोंद सोडा. रुळांच्या फटींमध्ये आणि सांध्यांच्या हलत्या भागांत गोंद जाऊ देऊ नका. फटीत कागदाची चिंधी खोचून ठेवा आणि ओलं असतानाच काढा. एका दिवशी एकाच बोर्डाची खडी करा. सगळ्या लेआउटवर एकदम ओतलेलं पाणी वाळताना शेडच्या हवेतच जातं.

## टप्पा ११: पुढची देखभाल

दर महिन्याला मापकातले कमाल-किमान आकडे लिहून शून्य करा. ऋतू पालटताना पन्हळ साफ करा, बोर्डांची पातळी पाहा, फटींवर नजर टाका. वाळवीची मातीची रेघ शेडच्या ठोकळ्यांवर चढली आहे का, ते बाहेरून वाकून पाहा.

इंजिनं आणि भारी डबे शेडमध्ये कायमचे ठेवू नका; चोरी आणि ओल दोन्ही टळतात. पुठ्ठ्याची खोकी दमट हवेत पाणी धरतात, म्हणून ने-आण झाकणाच्या प्लास्टिक डब्यातून करा, आत सिलिका जेलची पुडी टाकून. गार शेडमधून उबदार घरात आणलेला डबा लगेच उघडू नका. धातू गार असतो, घरातली हवा त्याला लागताच मोटरवर आणि सर्किटवर दव धरतं. डबा बंदच एक-दोन तास टेबलावर ठेवा, हाताला खोलीइतकाच उबदार लागला की उघडा.